नगरहून श्रीरामपूरला, पण बंगालमधल्या

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या सहलीचे ठिकाण जाहीर झाले तेव्हा पहिला गोंधळ नावावरूनच झाला. रविवारच्या उपासनेनंतर पाळकसाहेबांनी "यंदा आपण श्रीरामपूरला जाणार आहोत, पैसे पाच महिने आधी भरावे लागतील," असे सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरून एका आजोबांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "एस.टी.चं तिकीट एवढं कधी वाढलं?" नगर जिल्ह्यातल्या माणसाला श्रीरामपूर म्हणजे ऊस, बाजारपेठ आणि फार तर दोन तासांचा रस्ता. पाळकसाहेबांच्या मनात होते ते हुगळी नदीच्या काठचे श्रीरामपूर, ज्याला इंग्रजी कागदपत्रांत सेरामपूर म्हटले जाते. त्यांच्या कार्यालयाच्या भिंतीवर बी.डी.ची, म्हणजे धर्मज्ञानाची, पदवी चौकटीत लावलेली आहे. शिक्षण सगळे पुण्यात झाले, पण पदवी सेरामपूरच्या सिनेटची आहे, आणि ज्या गावाचे नाव वीस वर्षे पाठीमागे टांगले आहे ते गाव आपण पाहिलेले नाही, ही त्यांची जुनी रुखरुख होती. अखेर आम्ही एकतीस जण निघालो. सर्वांत लहान नऊ वर्षांची मुलगी, सर्वांत मोठे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे तेच आजोबा. महिला मंडळाची चिटणीस म्हणून टिपणे ठेवण्याचे काम माझ्याकडे आले.

मंगळवार, ६ जानेवारी आणि बुधवार, ७ जानेवारी

रात्री नगर स्थानकावरून गाडी सुटली आणि तासाभरात बेलापूर आले. आमच्या जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचे रेल्वे स्थानक बेलापूर या नावाने आहे, त्यामुळे "श्रीरामपूर आलं, उतरा" हा विनोद तिथे होणारच होता आणि तो तीन वेळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला संत्री घेतली. भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि संत्री असे जेवण चालू असताना आमच्या गटातले एक काका बोलू लागले. ते भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेले आहेत आणि जुन्या दप्तरांच्या निमित्ताने मोडी लिपी उत्तम वाचतात. त्यांनी सांगितले, की विल्यम केरीने श्रीरामपुरात बसून मराठी शिकली ती ज्यांच्याकडून, ते वैजनाथ पंडित याच नागपूरकडचे होते. केरी हा इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशायरचा, चांभारकाम करणारा माणूस. तो मिशनरी म्हणून १७९३ मध्ये बंगालला आला आणि मराठी मुलखात त्याने एकदाही पाऊल ठेवले नाही. तरीही १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण, १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश आणि १८११ मध्ये बायबलचा मराठी नवा करार त्याच्या छापखान्यातून बाहेर पडला. काकांनी त्या नव्या करारातील एका पानाची छायाप्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर आणली होती. ती सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली. एकालाही एक अक्षर लागले नाही, कारण ते मोडीत छापलेले होते.

उरलेला दिवस गोंदिया, रायपूर, बिलासपूर असा खिडकीतून गेला. मुले पत्ते खेळली, मोठ्यांनी झोप काढली.

गुरुवार, ८ जानेवारी : कोलकाता

पहाटे हावड्याला उतरलो तेव्हा धुके इतके दाट होते, की पुलाचा वरचा अर्धा भाग दिसतच नव्हता. मुक्कामाच्या जागी पोहोचल्यावर कळले की आम्ही कळवलेल्या खोल्यांपैकी दोन खोल्या दुसऱ्याच गटाला दिलेल्या आहेत. पत्राची प्रत माझ्याजवळ होती, पण पत्र दाखवून खोल्या उत्पन्न होत नाहीत. पुरुष मंडळींनी पहिली रात्र सभागृहात सतरंज्यांवर काढली आणि पुढचे तीन दिवस त्याचे उपकार आमच्यावर मोजले.

दुपारी सेंट जॉन्स चर्चला गेलो. गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या काळात १७८४ मध्ये याची पायाभरणी झाली आणि १७८७ मध्ये चर्च उपासनेसाठी उघडले. गौड या उद्ध्वस्त राजधानीतला दगड आणून ते बांधल्यामुळे बंगाली लोक त्याला 'पाथुरे गिर्जा', म्हणजे दगडी चर्च, म्हणत. विटांच्या त्या शहरात दगड हीच नवलाई होती. आवारात कोलकात्यातील इंग्रजांचा मूळपुरुष मानला जाणाऱ्या जॉब चार्नॉकची अष्टकोनी समाधी आहे. त्याच्या कबरीचा काळसर दगड मद्रासकडून आणलेला, आणि पुढे भूवैज्ञानिकांनी त्या जातीच्या खडकाला त्याच्याच नावावरून 'चार्नोकाइट' असे नाव दिले. खडकाला माणसाच्या कबरीवरून नाव मिळाल्याचे मी तरी प्रथमच ऐकले.

आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो तो योहान झोफनी या चित्रकाराने रंगवलेल्या येशूच्या अखेरच्या भोजनाच्या चित्रापुढे. आपल्याकडे प्रत्येक ख्रिस्ती घरात जेवणाच्या खोलीत या प्रसंगाचे एखादे चित्र असतेच, त्यामुळे पहिल्या नजरेला यात वेगळे काही वाटत नाही. मग हळूहळू लक्षात येते की चित्राच्या एका कोपऱ्यात पिकदाणी ठेवलेली आहे, पाणक्याची कातडी मशक पडली आहे आणि एक देशी तलवार टांगलेली आहे. झोफनीने यरुशलेमेतली माडी नव्हे, तर त्या काळच्या कलकत्त्यातला एखादा दिवाणखाना रंगवला होता. प्रेषितांनाही त्याने शहरातील ओळखीच्या माणसांचे चेहरे दिले आणि येशूचा विश्वासघात करणाऱ्या यहूदा इस्कर्योताच्या जागी तिथल्या एका लिलाववाल्याला बसवले. तो माणूस त्यावर भयंकर संतापला, असे सांगतात. आपल्या मंडळीतल्या कोणाचा चेहरा कुठे शोभेल यावर आमच्या महिलांमध्ये चर्चा सुरू झाली, ती पाळकसाहेबांनी तिथेच थांबवली.

सेंट पॉल्स कॅथेड्रल संध्याकाळी धावत पाहिले. १८४७ मध्ये अर्पण झालेल्या या वास्तूचा मनोरा १९३४ च्या भूकंपात कोसळला आणि आता दिसतो तो नंतर बांधलेला, कँटरबरीच्या धर्तीवरचा आहे. वास्तू भव्य आहे यात वाद नाही. मला मात्र पिकदाणीचे चित्र अधिक लक्षात राहिले.

शुक्रवार, ९ जानेवारी : बंडेल, चुंचुडा, चंदननगर

हुगळीचा पश्चिम किनारा म्हणजे युरोपातील राष्ट्रांनी एकमेकांच्या शेजारी मांडलेली दुकाने होत. बंडेलला पोर्तुगीज, चुंचुड्याला डच, चंदननगरला फ्रेंच आणि श्रीरामपूरला डॅनिश. हावड्याहून लोकलने निघाले की ही चारही गावे एकाच लोहमार्गावर एकामागून एक येतात. आम्ही सर्वांत दूरच्या बंडेलपासून सुरुवात केली.

बंडेल हे नाव 'बंदर' याच शब्दाचे पोर्तुगीज जिभेवर झालेले रूप आहे. इथल्या जपमाळेच्या मातेच्या चर्चची स्थापना १५९९ सालची मानली जाते. १६३२ मध्ये शाहजहानच्या सैन्याने हुगळीची पोर्तुगीज वसाहत उद्ध्वस्त केली, तेव्हा हे चर्चही गेले आणि कैद्यांना आग्र्याला नेण्यात आले. परंपरा अशी सांगते की त्यांतील एका वृद्ध धर्मगुरूला मत्त हत्तीपुढे टाकले असता हत्तीने त्याला तुडवण्याऐवजी सोंडेने उचलून पाठीवर बसवले, आणि बादशहाने कैद्यांची सुटका करून चर्चसाठी जमीन दिली. ते आता बॅसिलिका, म्हणजे विशेष दर्जाचे चर्च, आहे. वादळातून वाचलेल्या एका कप्तानाने नवस फेडण्यासाठी वाहिलेली जहाजाची डोलकाठी कित्येक पिढ्या आवारात उभी होती. ती २०१० च्या वादळात पडली. समुद्रातले वादळ सोसलेली काठी अखेर जमिनीवरच्या वादळाने पाडली, यावर परतीच्या टोटोत बरेच बोलणे झाले. बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षाला तिकडे टोटो म्हणतात.

सुखरूप प्रवासाची माता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मूर्तीपुढे लोक मेणबत्त्या लावत होते. आम्ही प्रोटेस्टंट, मूर्तीपुढे काही लावण्याची आमची रीत नाही. तरी परतीची तिकिटे अजून प्रतीक्षा यादीत असल्यामुळे की काय, आमच्यातल्या चार जणींनी हळूच मेणबत्त्या घेतल्या. मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी भुवया उंचावल्या. त्यांच्या पत्नीच्या हातातही मेणबत्ती होती, हे त्यांना थोड्या उशिरा दिसले.

चुंचुड्याला डच दफनभूमी आणि हाजी मुहम्मद मोहसीन यांच्या स्मरणार्थ बांधलेला हुगळीचा इमामबाडा पाहिला. डचांनी हे गाव १८२५ मध्ये इंग्रजांच्या हवाली केले. इमामबाड्याच्या घड्याळाचा मनोरा चढायला आमच्यापैकी सहाच जण तयार झाले आणि मी त्यांत नव्हते.

चंदननगरची गोष्ट निराळी. इथला फ्रेंच अंमल देश स्वतंत्र झाल्यावरही संपला नव्हता. १९४९ मध्ये गावाने मतदान करून भारतात येण्याचे ठरवले, १९५० मध्ये प्रत्यक्ष कारभार भारताकडे आला आणि १९५४ मध्ये चंदननगर पश्चिम बंगालमध्ये सामील झाले. नदीकाठचा रुंद फरसबंद रस्ता, झाडांखालची बाके आणि जवळच १८८४ सालचे सेक्रेड हार्ट चर्च असा तो सगळा परिसर निवांत बसण्यासाठीच केलेला वाटतो. आम्ही बसलो, आणि बसूनच 'जलभरा' खाल्ला. ताडगोळ्यासारख्या आकाराच्या या संदेश मिठाईच्या पोटात गुलाबपाण्याचा पातळ पाक असतो. तो एका बाजूने हळूच फोडायचा असतो, हे दुकानदाराने बंगालीत सांगितले होते, पण ते आम्हाला समजले नाही. आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी पेढ्याला लावावा तसा दात लावला आणि पांढऱ्याशुभ्र सुती साडीवर पदरापासून निऱ्यांपर्यंत पाकाची धार लागली. पुढच्या तिघींनी लगेच रुमाल मांडीवर पसरले, पण बाईंकडे पाहून कोणाला हसू आवरेना. शेवटी बाईही हसल्या.

शनिवार, १० जानेवारी : श्रीरामपूर

दिवस ठरवून निवडलेला होता. केरी श्रीरामपूरला पोहोचला तो १० जानेवारी १८०० रोजी. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना राहू देत नसे, म्हणून त्याने डॅनिश राजाच्या छत्राखालचे हे गाव गाठले. त्या वेळी त्याचे नाव फ्रेडरिक्सनगर होते. जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे त्याचे दोन सोबती थोडे आधीच येऊन उतरले होते, आणि वॉर्ड मुळात मुद्रक होता.

आमचे पोहोचणे इतके सुरळीत झाले नाही. सकाळच्या गर्दीत दारापर्यंत वाट काढेस्तोवर लोकल सुटली आणि आमच्यातले सात जण पुढच्या शेवडाफुली स्थानकावर उतरून उलट्या गाडीने परत आले. त्यांत प्रश्न विचारणारे आजोबाही होते. "आमचं श्रीरामपूर बरं, गाडी उभी तरी राहते," एवढेच ते म्हणाले.

प्रथम सेंट ओलाव्ह चर्च पाहिले. डॅनिश गव्हर्नर ओले बी याच्या पुढाकाराने सुरू झालेले हे चर्च १८०६ मध्ये पूर्ण झाले. मधल्या काळात ते पार मोडकळीस आले होते. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या सहकार्याने त्याची दुरुस्ती झाली आणि २०१६ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही त्याला मिळाला. दर्शनी भागावर राजा सातवा ख्रिस्तियान याची नाममुद्रा आहे. जवळच १७८६ सालची डेन्मार्क टॅव्हर्न ही जुनी खानावळ दुरुस्त होऊन पुन्हा चालू झालेली आहे. तिथला चहा चांगला, पण एकतीस जणांचा म्हणून मागवला तर खजिनदार गप्प होतो.

तिथून नदीच्या काठाने महाविद्यालयाकडे गेलो. उंच खांबांची, नदीकडे तोंड केलेली ती इमारत समोर आली तेव्हा पाळकसाहेब चालता चालता थांबले. महाविद्यालय १८१८ मध्ये सुरू झाले. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या सहाव्या फ्रेडरिक राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली. १८४५ मध्ये डॅनिशांनी गाव इंग्रजांना विकले तरी ती सनद टिकून राहिली, आणि तिच्याच आधारावर आजही देशभरातल्या धर्मज्ञान महाविद्यालयांतून पाळक तयार होतात. पाळकसाहेबांनी काही भाष्य केले नाही. त्यांनी फक्त माझ्या हाती आपला फोन दिला आणि इमारतीपुढे ताठ उभे राहून छायाचित्र काढून घेतले, शाळेतला मुलगा गणवेशात उभा राहतो तसे.

छापखान्याविषयी मात्र मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण आमच्या सगळ्या सहलीचे मर्म तिथे होते. पंचानन कर्मकार नावाचा लोहारकाम जाणणारा बंगाली कारागीर आणि त्याचा जावई मनोहर यांनी इथे एकेका भारतीय लिपीचे ठसे पोलादावर कोरले. मोडी ही हाताने, लेखणी शक्यतो न उचलता, झरझर लिहायची लिपी. तिची वळणे एकात एक गुंतलेली असतात, आणि तिला सुट्या खिळ्यांत बसवणे म्हणजे वाहत्या पाण्याचे तुकडे करून पेटीत भरण्यासारखे होते. तरीही मोडीच का, तर तेव्हाच्या मराठी माणसाच्या रोजच्या लिहिण्याची लिपी तीच होती, बाळबोध ही पोथ्यांची. मग ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कागद, हस्तलिखिते आणि कित्येक लिप्यांचे खिळे जळून किंवा वितळून गेले. छपाईची यंत्रे तेवढी वाचली, आणि वितळलेल्या धातूतूनच थोड्या आठवड्यांत नवे खिळे पाडण्याचे काम सुरू झाले. पुढची वर्षे इथून मराठीत 'सिंहासन बत्तीशी' आणि 'हितोपदेश' हीदेखील छापून निघाली. म्हणजे शुभवर्तमानाच्या शेजारी विक्रमाच्या पुतळ्या आणि विष्णुशर्म्याचे प्राणी एकाच खिळ्यांत जुळवले गेले.

मिशनच्या दफनभूमीत केरीची कबर आहे. १७ ऑगस्ट १७६१ हा जन्म, ९ जून १८३४ हा मृत्यू, आणि स्वतःला दीन, असहाय किडा म्हणवणाऱ्या दोन ओळी. याहून अधिक काही कोरू नये, अशी त्याची ताकीद होती. मोडीवाले काका तिथे एका कट्ट्यावर बसले, चष्मा पुसला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतले पान काढून मोठ्याने वाचू लागले. ते अडखळत होते, एखादा शब्द दोनदा घेत होते, मध्येच "हा 'र' आहे की 'व'?" असे स्वतःलाच विचारत होते. ती मराठी आमच्या पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, मराठीसारखी नव्हती. काही रूपे वऱ्हाडाकडची वाटत होती, काही वाक्यांत कर्ता शेवटी जाऊन बसला होता. पण चौथ्या-पाचव्या ओळीला आमच्या नऊ वर्षांच्या मुलीने "हे मला येतं" म्हणत पुढचे शब्द आजच्या मराठीत म्हणून दाखवले, आणि काकांचे बोट पानावर जिथे होते तिथेच थांबले.

आमच्या महिला मंडळात परतताना बोलणे निघाले ते केरीच्या पत्नीचे, डोरोथीचे. तिला इंग्लंड सोडायचे नव्हते. पहिल्यांदा तिने स्पष्ट नकारही दिला होता. बंगालमध्ये आल्यावर वर्षभरात तिचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला, त्यानंतर तिच्या मनाचा तोल ढळला आणि १८०७ मध्ये मृत्यूने सोडवीपर्यंत तो सावरला नाही. ज्या घरात इतक्या भाषांची भाषांतरे चालू होती, त्याच घरात ती होती. केरीच्या कामाबद्दल मला आदर आहे, पण आमच्या मंडळीत होणाऱ्या मिशनरी चरित्रांच्या भाषणांत डोरोथीसाठी अर्धे वाक्यही नसते, हे मी त्या दिवशी गाडीतच बोलून टाकले. खिडकीशी बसलेल्या बाईंनी मान हलवली.

रविवार, ११ जानेवारी : लाल बाजार

शेवटच्या दिवशी बहूबाजार रस्त्यावरील केरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये सकाळच्या उपासनेला गेलो. १८०९ सालचे हे चर्च पूर्वी लाल बाजार चॅपल म्हणून ओळखले जाई, आणि इथे आमच्या नगरच्या गोष्टीचा उगम आहे. १८१२ च्या पावसाळ्यात अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचे पहिले पाच मिशनरी दोन जहाजांनी कलकत्त्याला येऊन पोहोचले: ॲडोनायरम जडसन, सॅम्युएल न्यूअल, ल्यूथर राइस, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट. कंपनी सरकारने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. त्यातच जहाजावर शास्त्राचा अभ्यास करता करता जडसनचे बाप्तिस्म्याविषयीचे मत बदलले होते. ६ सप्टेंबर १८१२ रोजी त्याने आणि त्याच्या पत्नीने याच चर्चमध्ये पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला आणि पुढे तो ब्रह्मदेशात गेला. राइसही त्याच वाटेने गेला. हॉल आणि नॉट आपल्या मतावर आणि मिशनवर राहिले, कलकत्त्याहून निसटून फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. ते १८३१ मध्ये नगरला आले. हॉल तोवर राहिला नव्हता. १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने त्याचा अंत झाला होता. त्याच वर्षी मुंबईत मिशनचा मराठी नवा करार छापून निघाला, कारण पश्चिमेकडच्या लोकांना श्रीरामपूरची मराठी पुरेशी जवळची वाटली नव्हती.

उपासनेनंतर तिथल्या लोकांनी चहा दिला आणि आमच्याकडे बाप्तिस्मा कसा देतात, असे आपुलकीने विचारले. "शिंपडून," असे पाळकसाहेबांनी सांगितल्यावर समोरचे वृद्ध गृहस्थ हसून म्हणाले, की म्हणूनच तुमचे लोक मुंबईला गेले. आमच्यातल्या तिघांना तो टोमणा वाटला. मला ती दोनशे वर्षांच्या इतिहासाची सर्वांत थोडक्यात सांगितलेली हकिकत वाटली.

दुपारी पार्क स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीत संस्कृतचे अभ्यासक सर विल्यम जोन्स यांच्या कबरीवरचा उंच सुळका पाहिला, उरलेला वेळ खरेदीला दिला आणि रात्री हावड्याहून निघालो. मेणबत्त्यांमुळे असो वा नसो, तिकिटे पक्की झाली होती.

मंगळवारी पहाटे बेलापूर आले तेव्हा डब्यात बहुतेक जण झोपले होते. आजोबा जागे होते. त्यांनी खिडकीची काच वर केली, फलाटावरची पाटी वाचली आणि काच पुन्हा खाली ओढली. नगरला उतरून सामान मोजताना उघडून पाहिले, तर घरच्यांसाठी घेतलेले संदेश आंबून गेले होते. खजुराच्या गुळाच्या ढेपा मात्र चांगल्या राहिल्या, त्या फलाटावरच वाटून घेतल्या.